चार वाजता पुसलेलं वर्तुळ

भातकापणी आली की माझं डोकं फिरतं. घरच्यांना आता याची सवय झाली आहे. दसरा होतो, परतीचा पाऊस एकदाचा तोंड काळं करतो, आमच्या जोहे गावच्या सखल खलाटीत शेतं पिवळी पडू लागतात, आणि बायको मुलाला बजावते, "बाबांशी दिवाळीपर्यंत जपून बोल रे." तिचं काही चुकत नाही. या दिवसांत मी चहा गार म्हणून ओरडतो आणि गरम म्हणूनही ओरडतो. मुलगा नितीन रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट करतो. या महिन्यात तो मुद्दाम ओव्हरटाइम मागून घेतो असा माझा संशय आहे.

कापलेल्या भाताचा वास लोकांना फार आवडतो. मुंबईचे पाहुणे आमच्या बांधावर उभे राहतात, डोळे मिटून लांब श्वास घेतात आणि "वा!" म्हणतात. सकाळचं दव, ओला पेंढा, विळ्याने नुकत्याच कापलेल्या हिरवट देठांचा गोडसर वास. मलाही तो आवडायचा. पण गेली वीस-बावीस वर्षं त्या वासाच्या पाठोपाठ माझ्या नाकात रॉकेलचा वास येतो. शेतात रॉकेलचा थेंब नसतो. तरी येतो.

त्या रॉकेलचं सांगायचं तर आधी आमच्या गणपतीच्या कारखान्याचं सांगायला हवं.

फौजेत जाण्याआधी मी गावातल्या आबांच्या कारखान्यात काम करायचो. आबा नात्यातले नव्हेत, सगळं गावच त्यांना आबा म्हणायचं. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, जमिनीवर शाडूचा चिखल, फळ्यांवर ओळीने वाळत बसलेले गणपती. भिंतीवर आबांची यादी असायची. कोळशाने लिहिलेली. कोणाची मूर्ती, किती उंचीची, कोणत्या आसनाची. ही एकच यादी. वही नाही, दुसरा कागद नाही, शेडमध्ये काम करणारा प्रत्येक माणूस मान वर करून तीच भिंत बघायचा. आणि त्या भिंतीचा एक कायदा होता. मूर्ती टेम्पोत चढलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय भिंतीवरचं नाव पुसायचं नाही. माणूस सकाळी नेतो म्हणाला होता, हे कारण नाही. मुहूर्त टळून गेला, हेही कारण नाही. एकदा मी घाईत एक नाव पुसलं. मूर्ती फळीवरच होती, नाव गेल्यामुळे ती बेवारशी ठरली आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेली. आबांनी मला मारलं नाही. मला भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "बघितलंस का? नाय ना? मंग पुसलंस कशाला?"

हे वाक्य मला आयुष्यभर पुरलं असतं. पुरलं नाही, ते माझ्या कर्माने.

फौजेत मी तोफखान्यात गेलो, आणि थोडंफार गणित येत होतं म्हणून तोफेवर न ठेवता मला नकाशावर बसवलं. लोकांना वाटतं तोफखाना म्हणजे तोफ. तोफ डागणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. लांब पल्ल्याची तोफ दोन डोंगरांपलीकडे मारते, तिला समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. पुढच्या शिखरावर बसलेला निरीक्षक तिचे डोळे. शत्रू कुठे असेल याचा अंदाज बांधणारे गुप्तवार्तावाले वेगळे. आपलं पायदळ कुठे आहे हे ज्यांना ठाऊक, ते वेगळे. कुठलं लक्ष्य आधी, कुठलं नंतर, कुठे अजिबात मारायचं नाही, हे ठरवणारे साहेब आणखी वेगळे. हे सगळे एकमेकांशी नीट बोलले, तरच गोळा जिथे पडायचा तिथे पडतो. नाही बोलले, तरी गोळा पडतोच. तो काही हवेत राहत नाही.

त्या वर्षी आम्ही सीमेवर एका उंच, उघड्याबोडक्या डोंगररांगेत होतो. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, पण तोफा रोज बोलायच्या. ब्रिगेडच्या मुख्यालयात एका घळीत चार तंबू होते. एक तोफखान्याचा, त्यात मी. एक पायदळाच्या हालचालींचा, माझ्यापासून चाळीस पावलांवर. तिसरा गुप्तवार्तावाल्यांचा, चौथा साहेबांचा. चार तंबू आणि चार नकाशे. नकाशावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणलेलं असायचं, त्यावर मेणाच्या रंगीत पेन्सिलीने खुणा. लक्ष्याला निळी फुली आणि आकडा. आपली गस्त जिथे गेली असेल, तिथे लाल वर्तुळ. लाल वर्तुळात गोळा टाकायचा नाही, मग आत कोणीही दिसो. गस्त परतली की रॉकेलमध्ये बुडवलेल्या बोळ्याने वर्तुळ पुसायचं. तो माझा वास.

चार नकाशे बघून पहिल्याच दिवशी मला आबांची भिंत आठवली. मी माझ्या सुभेदारांना म्हणालोही, की साहेब, हे सगळे एकाच तंबूत एकाच नकाशाभोवती का बसत नाहीत? सुभेदार हसले. म्हणाले, "म्हात्रे, हर साहब को अपना टेंट चाहिए." विषय तिथेच संपला.

धर्मा वाघमारे त्याच रांगेत पायदळात होता. त्याची माझी ओळख फौजेतली नव्हे, रेल्वेतली. एकदा सुट्टीवर येताना दिवा-रोहा पॅसेंजरमध्ये समोरासमोर बसलो. दोघांच्याही पायाशी तीच काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात नंबर. मी पेणला उतरणारा, तो पुढे रोह्याला. रोह्याच्या अलीकडे डोंगराच्या पोटाशी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथला. कुंडलिकेच्या डोहात दगडाखाली हात घालून मासे काढण्यात पटाईत. बारीक, काळाभोर, आणि डोंगर चढताना मागे वळून न बघणारा. त्याच्या कंपनीतल्या पहाडी पोरांना सुद्धा त्याच्यामागे धापा टाकाव्या लागायच्या. गस्तीचा वाटाड्या म्हणून साहेब लोक त्याला हटकून न्यायचे.

नशिबाने आम्ही एकाच भागात आलो आणि तारेच्या फोनवर आमचं गुळपीठ जमलं. गस्तीला निघण्याआधी तो मला फोन करायचा. "म्हात्र्या, आज त्या मेंढपाळांच्या खोपीकडं चाल्लोय रं. तांबडं वर्तुल काडून ठेव." मी काढायचो. पायदळाच्या तंबूतला कागद यायच्या आधी काढायचो. आणि गस्त परतली की त्याचा दुसरा फोन. धापा टाकत, हसत. "आलो रं. पूस आता."

ते ऐकल्याशिवाय मी बोळ्याला हात लावत नसे. कागदावर परतीची वेळ दोनची असो की चारची. कित्येकदा त्यांना तास-दीड तास उशीर व्हायचा, वर्तुळ माझ्या नकाशावर तसंच राहायचं, आणि एकदा तर त्या उशिराच्या तासातच शेजारच्या टेकडीवर मारा मागितला गेला आणि मी अडवला. आबांचा कायदा आम्ही दोन कोकणी माणसांनी हिमालयात नेऊन लावला होता. कोणाला विचारून नव्हे. कोणाला सांगूनही नव्हे. काम चाललं होतं.

आणि मग आमच्याकडे नवे मेजर साहेब आले, शिस्त लावायला.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं, शिव्या देऊन मोकळा झालो असतो. हुशार होते, दिवसाला चार तास झोपायचे, जवानांच्या जेवणात खडा निघाला तर स्वतः भटारखान्यात जायचे. पण त्यांना पसारा सहन व्हायचा नाही. लक्ष्यांच्या कामाची नीट घडी बसवायची हे त्यांनी मनावर घेतलं. कोणता तंबू कोणाला, किती वाजता, कोणत्या नमुन्यात कागद पाठवणार, याचा त्यांनी तक्ता केला. सुरेख तक्ता होता, बाण वगैरे काढलेले. त्या तक्त्यात मी आणि धर्मा कुठेच नव्हतो. एक दिवस त्यांनी माझं फोनवरचं मराठी ऐकलं.

"म्हात्रे, ये घर की बातें लाइन पर नहीं चलेंगी."

मी म्हणालो, "साहेब, गस्तीचा माणूस आहे, परतल्याचं सांगतो."

"उसके लिए कागज़ है."

दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम निघाला. तारेवर खाजगी बोलणं बंद. गस्तीच्या वर्तुळावर परतीची वेळ लिहायची आणि वेळ संपली की वर्तुळ पुसायचं. वाढीव वेळ हवी असेल तर पायदळाच्या तंबूने कागद पाठवावा. बाकी कोणाचं काही ऐकायचं नाही.

मी "जी साहेब" म्हणालो. हे दोन शब्द मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण सगळा राग दुसऱ्यांवर काढायचा आणि आपले दोन शब्द गिळून टाकायचे, हे मला जमत नाही. प्रयत्न करून बघितला. बावीस वर्षं केला.

तो दिवस. गावाकडे कापणीचे दिवस, बायकोचं पत्र आलेलं, जया जातीचं भात यंदा कमरेएवढं झालंय, माणसं मिळत नाहीत, तुम्ही असतात तर. मी ते पत्र वाचून खिशात ठेवलं होतं. वर आकाश निळंशार, पण दुपारनंतर घळीतून धुकं चढायचं आणि समोरची शिखरं एकेक करून झाकायचं. धर्माची गस्त सकाळीच खोपीकडे गेली होती. वर्तुळाजवळ मी लिहिलं होतं, चार वाजता.

पावणेचारला मी उठलो. चाळीस पावलं चालून पायदळाच्या तंबूत गेलो. तिथे एक कारकून होता, त्याला विचारलं, "खोपीवाली गस्त आली का?"

त्याने कागद बघितला. "चार बजे वापसी."

"ते मलाही ठाऊक आहे. आली का? फोन आला का?"

"फोन तो बंद करवाए हैं ना साहब ने." आणि त्याने मला तो कागद दाखवला. छान टंकलेला होता. वाढीव वेळेची नोंद नव्हती. ती कोण देणार होतं? गस्तीतल्या एकाचा पाय मुरगळला होता आणि ती पाच माणसं खोपीच्या भिंतीआड थांबली होती. त्यांची तार वाटेत कुठेतरी तुटली होती. हे आम्हाला मागाहून कळलं.

मी परत आलो. घड्याळात चार वाजले. मी बोळा रॉकेलमध्ये बुडवला, पिळला आणि वर्तुळ पुसलं. एका फटक्यात पुसलं जात नाही ते. मेण ओशट असतं, दोन-तीनदा घासावं लागतं. मी घासलं. प्लॅस्टिक लख्ख झालं.

सव्वाचारला लांबच्या शिखरावरच्या निरीक्षकाने कळवलं, धुक्याच्या फटीतून खोपीपाशी माणसं हलताना दिसतायत. खोपीवर आधीपासून निळा आकडा होताच, ती जुनी शत्रूची जागा. आमच्या नकाशावर लाल काही नाही. गुप्तवार्तावाल्यांच्या नकाशावर नाही. साहेबांच्या नकाशावर नाही. चारही तंबूंत चार वाजता एकाच वेळी पुसलेलं होतं, तक्ता इतका चोख होता. साहेबांनी परवानगी दिली. अंतर आणि कोन मीच काढून दिला. माझं गणित कधी चुकत नसे. त्या दिवशीही चुकलं नाही.

पाचच्या सुमाराला तार जोडली गेली आणि फोन वाजला. मी झडप घालून उचलला. आवाज धर्माचा नव्हता.

पाचांपैकी चार जण वाचले.

चौकशी झाली. निष्कर्षात तीन कारणं होती, धुकं, तुटलेली तार आणि दुर्दैव. अरे, धुक्याने वर्तुळ पुसलं का? तारेने हुकूम काढला होता का? आणि दुर्दैव म्हणजे कोण, त्याचा हुद्दा काय, तो कोणत्या तंबूत बसायचा? मी त्या चौकशीत उभा राहून विचारलेल्या प्रश्नांना हो-नाही म्हणालो. वर्तुळ हुकमाप्रमाणे पुसलं का? हो. वेळेवर पुसलं का? हो. शाबासकी द्यायची तेवढी बाकी राहिली होती.

आणि आठवड्याभरात चारही तंबू उतरले. एक मोठा तंबू आला. मधोमध टेबल, टेबलावर एकच नकाशा, भोवती सगळे. पायदळाचा माणूस इथे, तोफखान्याचा इथे, गुप्तवार्तेचा समोर, साहेब टेबलाच्या टोकाला. नियम नवा. गस्तीतल्या माणसाने स्वतःच्या आवाजात परतल्याचं सांगितल्याशिवाय लाल वर्तुळ पुसायचं नाही, वेळ काहीही झालेली असो. तो नियम मी भिंतीवर टांगलेला वाचला, इंग्रजीत. जोह्याच्या आबांचा कायदा, रोह्याच्या धर्माचा फोन. खाली सही साहेबांची.

सुट्टीवर आलो तेव्हा पेणला उतरलो नाही. तसाच रोह्याला गेलो, वाडीवर. धर्माच्या बायकोचं नाव कमळा. अंगणात बसली होती, दोन पोरं मांडीला टेकलेली. सरकारी पत्र तिला आधीच मिळालं होतं, त्यात शत्रूच्या गोळाबारीत असं लिहिलं होतं. तिने मला एकच विचारलं, "कसं झालं, दादा?"

आणि मी म्हणालो, "शत्रूचा गोळा." माझ्या तोंडाने म्हणालो. मला कोणी हुकूम दिला नव्हता.

मग काय करायचं सुचेना, म्हणून तिला म्हटलं, कमळाबाय, कापणीला आमच्याकडे येत जा. ती पुढच्याच कापणीपासून येते. पेन्शन आली, पोरं शिकली, कामाला लागली, तिला विळा धरायची गरज उरली नाही. तरी वाडीवरच्या तीन-चार बायांना घेऊन सकाळच्या गाडीने येते, आठवडाभर आमच्या खळ्यावर राहते. "हाताला सवय लागलीय," म्हणते. खालची मोठी खाचर तिचीच. तिच्या आधी त्यात कोणी विळा घालत नाही, हा घरातला अलिखित नेम. दरवर्षी ती वाकून कापत असते, मी बांधावर उभा राहून भारे मोजतो, आणि दरवर्षी आतल्या आत जळतो. बायकोला वाटतं माझी फौजेची सवय, माणसांवर ओरडायची. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

यंदा पेणमध्ये एका सभागृहात साहेबांचं व्याख्यान झालं. आता निवृत्त, केस पांढरे, आवाज तोच. विषय होता लांब पल्ल्याच्या माऱ्याचं नियोजन आणि त्यातून व्यवस्थापनाने काय शिकावं. हल्ली सगळ्यातून व्यवस्थापनाने काहीतरी शिकायचं असतं. गावातला माजी सैनिक म्हणून मला आमंत्रण. कार्यक्रम चारचा. साहेबांची गाडी वडखळच्या नाक्यावर अडकली, ते आले पाचला. तासभर आम्ही सगळे बसून राहिलो. फलकावरचं त्यांचं नाव कोणी पुसलं नाही. उलट संयोजक दर दहा मिनिटांनी माइकवर सांगत होता, साहेब वडखळला आहेत, साहेब निघाले, साहेब पोहोचतायत. एका माणसाच्या उशिरासाठी केवढी ही काळजी. मी तिसऱ्या रांगेत बसून माझ्या मुठी बघत होतो.

व्याख्यान चांगलं झालं. खोटं कशाला बोलू? पडद्यावर त्यांनी तेच टेबल दाखवलं. लक्ष्य कोण शोधतो, महत्त्व कोण ठरवतो, आपली माणसं कुठे आहेत हे कोण तपासतो, आणि शेवटी मारा कोण करतो, हे सगळे एका छपराखाली का हवेत, ते कॉलेजच्या पोरांना कळेल असं सांगितलं. "त्या एका हंगामात आम्ही एकत्र बसायला शिकलो," म्हणाले. टाळ्या पडल्या. मी वाट बघत होतो. आता सांगतील. आता सांगतील, का शिकलो. नाव नको, गाव नको, निदान एवढं तरी, की एक माणूस गेला. पुढचं चित्र आलं, त्याच्या पुढचं आलं, मग आभार.

पद्धत चांगलीच आहे. माझं भांडण पद्धतीशी नाहीच. अशा टेबलांमुळे पुढे कितीतरी जवान घरी आले असतील. पण शिकलो म्हणता, तर फी कोणी भरली ते सांगा ना! एवढंही धैर्य नसेल, तर छातीवरची ती पदकं काय शोभेला लावली होती?

मग मला व्यासपीठावर बोलावलं. शाल आणि श्रीफळ. साहेबांनी स्वतः शाल पांघरली, ओळखलं, खांद्यावर थाप मारली. "म्हात्रे! वो टेंट याद है?" डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. खरं पाणी. फोटोवाला "इकडे बघा" म्हणाला. मला म्हणायचं होतं, साहेब, वाघमारे याद आहे? मी म्हणालो, "जी साहेब."

बघा, पुन्हा तेच दोन शब्द.

घरी आलो तो शाल अंगावरून ओरबाडून काढली. दुसऱ्या सकाळी खालच्या खाचरात गेलो आणि बुजगावण्याच्या अंगावर घातली. पोपटांचा फार त्रास आहे यंदा. मडक्याचं डोकं, काठीचे हात, आणि जरीच्या काठाची शाल. शोभून दिसत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला थोडं बरं वाटलं.

कमळा बायांना घेऊन आली ती दोन दिवसांनी. निम्मी खाचर कापून झाली होती, तेव्हा ती बुजगावण्यापाशी पोचली आणि कंबर सरळ करून उभी राहिली.

"दादा, ही शाल कोनाची?"

"साहेबाची. मला दिली, पेणात."

"मंग ह्याला कशाला घातलीत? चांगली ऊबदार हाय."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होतो. बावीस वर्षं तेच केलं. पण ती शालीचा काठ बोटांत धरून उभी होती, आणि मला ते बघवेना.

"कमळाबाय, जरा बस."

"बसून कापनी व्हते का?"

"बस गो."

ती बांधावर बसली. मी तिला सगळं सांगितलं. चार तंबू, लाल वर्तुळ, साहेबांचा हुकूम, पावणेचारचा कागद. जसं इथे लिहिलं तसंच, पण इतकं नीट नव्हे. मागच्या बायांनी विळे थांबवले. पोपटांचा एक थवा आला, शालीला न भिता खाचरात उतरला. मी हाकलला नाही.

"गोला आपला व्हता?" तिने विचारलं.

"आपला."

"तुमच्या तोफेचा?"

"व्हय. अंतर मीच काढून दिलं."

ती पेंढ्याची एक काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "हे रजेवर आले की सांगायचे. पेनचा एक म्हात्र्या हाय, माजं वर्तुल राखतो. माजा आवाज ऐकल्याबिगर पुसत नाय. म्हनायचे, तू भिऊ नको." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "त्या दिवशी ह्यांनी पूस म्हनलं व्हतं का?"

"नाय."

"मंग?"

माझ्याकडे उत्तरं होती. हुकूम होता, कागद होता, तुटलेली तार होती, आणि सगळी खरी होती. साहेबांवरचा माझा राग बावीस वर्षं धार लावून ठेवलेला, तो तर अगदी हाताशी होता. 

"मंग मी पुसलं," मी म्हणालो.

कमळा उठली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला ओरडण्यातलं कळतं. तिने बुजगावण्याच्या अंगावरची शाल काढली, झटकली, नीट चौघडी घातली आणि बांधावर माझ्या शेजारी ठेवली.

"ही तुमचीच हाय," म्हणाली.

मग बायांना हाक मारली. दुपारच्या गाडीने त्या रोह्याला गेल्या. विळा तिने खाचरातच ठेवला, जिथवर कापलं होतं तिथे.

याला नऊ दिवस झाले. वरची सगळी शेतं कापून, भारे खळ्यावर जाऊन झोडणी सुद्धा सुरू झाली. खालची निम्मी खाचर तशीच उभी आहे. काल नितीन शिफ्टवरून आला आणि म्हणाला, "बाबा, वडखळला मशीन आलंय, तासाभरात काढून देतं. लोंब्या झडायला लागल्यात."

"हात लावायचा नाही."

"अहो, पण किती दिवस?"

"कमळाबाय सांगेल तेव्हा. तिच्या तोंडून."

"आणि नाही सांगितलं तर?"

बायको दारातून ऐकत होती. तिला आता सगळं ठाऊक आहे, आणि यंदा तिने मुलाला जपून बोल असं सांगितलं नाही.  नितीनने विचारलेलं बरोबरच होतं.

आज पुन्हा खाली आलोय. दाणा पिकून देठावर जड झालाय, वारा आला की सरसर खाली पडतो आणि ते ऐकू येतं. पोपट मनसोक्त खातायत. फोन मी खिशातून काढून बांधावर ठेवलाय, शालीच्या शेजारी. चार वाजून गेले आहेत. भात उभं आहे.